चाळीस मीटरचं किट: जानेवारी ते मार्च २०२४ च्या नोंदी

७ जानेवारी, रविवार

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हातात आल्याशिवाय ऐकण्या-बोलण्याचा रेडिओ बांधायचं किट मागवायचं नाही असं ठरवलं होतं. परवाना गेल्या महिन्यात आला. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे मोर्सची परीक्षा नाही आणि कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होणारं. किट काल आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणखी पिशव्या, एक हिरवं पीसीबी आणि चार पानांची माहिती. चारपैकी दीड पान सुट्या भागांच्या यादीतच गेलंय.

रचना बिटएक्स नावाच्या रेडिओच्या धाटणीची. हैदराबादचे अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी साधारण वीस वर्षांपूर्वी मांडलेली. तिची गंमत अशी की तेच अँप्लिफायर, तेच मिक्सर, तेच क्रिस्टल फिल्टर ऐकतानाही वापरायचं आणि बोलतानाही, फक्त वाट उलटी. आपल्याकडच्या बाजारात मिळतील ते ट्रान्झिस्टर घालून बनवता यावं असा हिशेब. माझं किट त्याच घराण्यातलं आहे: सात मेगाहर्ट्झचा चाळीस मीटर बँड, लोअर साइडबँड (एलएसबी, म्हणजे सिग्नलची फक्त खालची बाजू पाठवायची), पाच-सहा वॅट.

दुपारभर नुसते भाग वेगळे केले. दिवाळीच्या फराळाचं सहा वाट्यांचं ताट सापडलं, त्यात रेझिस्टन्स. रेझिस्टन्स किती ओहमचा ते रंगीत पट्ट्यांवरून कळतं, पण ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि लाल पट्टी मला एकसारखीच दिसते. दोनदा फसलो. मग पट्ट्या बघायचं सोडून दिलं आणि प्रत्येक रेझिस्टन्स मल्टिमीटरवर धरला. काकांना फोन केला. (काका म्हणजे कर्वेनगरचे आमचे गुरुजी, चाळीस वर्षं हॅम.) म्हणाले, "पट्टी बघून लावणारा रेझिस्टन्स काढायलाही शिकतो. मोजून लाव."

१४ जानेवारी, रविवार

पॉवरची वाट आणि ऑडिओ. एलएम३८६ या ऑडिओ आयसीचा सॉकेट लावला, आजूबाजूचे सहा-सात भाग लावले. पहिले चार जोड बघण्यासारखे नाहीत. सोल्डर गोळा होऊन बसलंय, पॅडला धरलंच नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसून, आधी पॅड तापवून मग तार लावली तेव्हा सोल्डर पसरलं. काका याला "पाणी सुटलं पाहिजे" म्हणतात. बरोबरच आहे, चमकणारं आणि कडेला निमुळतं.

बॅटरी सात अँपिअर-अवरची, बारा व्होल्टची सीलबंद. ती थेट जोडायची नाही, मालिकेत गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा घालायचा. कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि बोर्ड वाचतो. सगळं ठीक असेल तर दिवा जेमतेम लालसर होतो. हा उपाय काकांचा. मी आतापर्यंत दोनदा वाचलोय.

स्पीकर जोडला, आयसीच्या इनपुटला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. घर्रर्र. बायको आतून विचारते, "मिक्सर चालू आहे का?" हा माझ्या रेडिओचा पहिला आवाज. तिळगूळ उद्या.

२० जानेवारी

क्रिस्टलं जुळवली. १२ मेगाहर्ट्झची सात आली आहेत. फिल्टरला चार आणि बीएफओला (सिग्नलचं आवाजात रूपांतर करणाऱ्या ऑसिलेटरला) एक लागतं. साध्या एका ट्रान्झिस्टरच्या ऑसिलेटरला काकांचा फ्रीक्वेन्सी काउंटर जोडून एकेक लावत गेलो. हाताची ऊब लागली तरी आकडा सरकतो, म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटं थांबायचं. सातांपैकी पाच एकमेकांच्या ६० हर्ट्झच्या आत. उरलेली दोन तीनशे हर्ट्झ लांब, त्यांतलं एक बीएफओला आणि एक डबीत. फिल्टरची चार एकमेकांच्या ३५ हर्ट्झमध्ये निघाली. एवढं जुळवलं नाही तरी चालतं असं त्या चार पानांत लिहिलंय. पण मला आकडे मोजायला आवडतंय असं आता लक्षात येतंय.

२६ जानेवारी

सुट्टी. आज टोरॉइड, म्हणजे कडीसारख्या गाभ्यावर तार गुंडाळायची. सगळे ज्याची भीती घालतात ते हेच.

किटमधली तार अपुरी वाटली म्हणून गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेलो. "अठ्ठावीस गेज किती?" "थोडीच, वीस-पंचवीस ग्रॅम." त्याने रिळातली चार हात ओढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "कसली मोटर आहे?" "मोटर नाही, रेडिओ आहे." "रेडिओ भरायला आलाय आज?" असं म्हणून हसला.

लाल गाभ्याचे टोरॉइड टी५०-२. आउटपुटच्या लो-पास फिल्टरला त्यावर १६ वेढे. मोजायची पद्धत: तार भोकातून एकदा आरपार गेली की एक वेढा. बाहेरून किती दिसतात त्यावर जायचं नाही. इंडक्टन्सचं सूत्र सोपं, वेढ्यांचा वर्ग गुणिले ४.९ नॅनोहेन्री. १६ वेढ्यांना १.२५ मायक्रोहेन्री, १७ ला १.४२. म्हणजे एक वेढा चुकला तर तेरा टक्के फरक. बोटाने खूण धरून मोठ्याने मोजले. मुलगी दहावीचा अभ्यास करत होती, ती म्हणाली बाबा देवळातल्यासारखे प्रदक्षिणा घालतायत.

तारेवरचं लाखेचं आवरण खरवडायला ब्लेड आणि सँडपेपर. इथे हात राखून चालत नाही. जरा जरी आवरण राहिलं तरी सोल्डर वरून बसतं, दिसायला छान, आत वीज जात नाही. प्रत्येक गुंडाळी लावल्यावर मल्टिमीटरची बीप घेतली.

मग ट्रान्सफॉर्मरसाठी काळ्या गाभ्याचे लहान, एफटी३७-४३. यांवर दोन तारा एकत्र पिळून १० वेढे, म्हणजे दुहेरी गुंडाळी. मध्यबिंदू काढण्यासाठी एका तारेचं शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं. असे तीन. लावले. बीप आली. रात्री दीडला झोपलो.

४ फेब्रुवारी

रिसीव्हर बोलला!

व्हीएफओचं (डायल फिरवली की फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचं) काम एसआय५३५१ ची चिप आणि अर्डुइनो नॅनो करतात, पाच मेगाहर्ट्झच्या आसपास. १२ मधून ५ वजा केले की ७. खिडकीबाहेर सहा मीटर साधी तार टाकली, डायल फिरवली, संध्याकाळी सातची वेळ. आधी खसखस, मग त्या खसखशीत माणसं. पण माणसं बदकांसारखी बोलत होती. शब्द कळत होते असं वाटत होतं आणि कळत नव्हते. मधूनच नुसतं खोल गुरगुरणं.

आज रात्रभर बसून जे समजलं ते लिहून ठेवतो. फिल्टर म्हणजे २.५ किलोहर्ट्झ रुंद दरवाजा. बीएफओचं क्रिस्टल त्या दरवाज्याच्या वरच्या कडेला, जरा बाहेर, उभं राहिलं पाहिजे. ते फार लांब गेलं तर बोलण्यातले खालचे स्वर दरवाज्यात येतच नाहीत आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. फार जवळ किंवा दरवाज्याच्या आतच आलं तर आवाज भरगच्च होतो खरा, पण पलीकडची साइडबँडही आत शिरते आणि शेजारच्या स्टेशनचा कलकलाट. माझं बीएफओ दरवाज्याच्या आत निम्म्यावर उभं होतं.

ट्रिमर क्रिस्टलला मालिकेत आहे. त्याची कपॅसिटन्स कमी केली की फ्रीक्वेन्सी वर सरकते. लाकडी काडीला टोक करून फिरवला, कारण धातूचा स्क्रूड्रायव्हर जवळ आला की सगळं बदलतं आणि दूर नेला की परत बदलतं. कानाने पंधरा मिनिटं झगडलो, मग फोनवर ऑडिओ स्पेक्ट्रमचं अॅप लावून स्पीकरसमोर धरलं. अँटेना काढून नुसता आवाज बघितला तर फिल्टरचा आकार समोर दिसतो: डावीकडे कडा, मध्ये पठार, उजवीकडे उतार. ट्रिमर फिरवला की पठार डावी-उजवीकडे सरकतं. डावी कडा ३०० हर्ट्झवर आणली, उजवी २७०० च्या जवळ. अँटेना लावली. एक बाई खणखणीत इंग्रजीत हवामान सांगत होत्या.

एक गंमत राहिली. डिस्प्लेवरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा १.६ किलोहर्ट्झ चुकतो. कारण सॉफ्टवेअर बीएफओ ठीक बारा मेगाहर्ट्झ धरून बसलंय. ब्रॉडकास्ट स्टेशनं ७२०० च्या वर ५ च्या पटीत आणि नेमकी असतात. त्यांतल्या एकाचा कॅरियर (मूळ वाहक लहर) शिट्टी शून्य होईपर्यंत जुळवला, फरक कोडात टाकला. आता १० हर्ट्झच्या आत.

१० फेब्रुवारी

तपकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. शनिवारची गर्दी, गाडी लावायला अर्धा तास. आउटपुटचे पॉवर ट्रान्झिस्टर आयआरएफ५१० दोन जास्तीचे घेतले, वीज अडवणारे मायका आणि प्लॅस्टिकचे बुश, हीटसिंक, आणि एक किलोओहम अर्ध्या वॅटचे कार्बनचे वीस रेझिस्टन्स. दुकानदार म्हणाला, "वीस का? पंचवीस घ्या, पॅकेट आहे." पंचवीस घेतले. उरलेले पाच वर्षभर ड्रॉवरमध्ये खडखडणार.

११ फेब्रुवारी, रविवार

डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा खोटा भार: वीस रेझिस्टन्स दोन तांब्याच्या पट्ट्यांत समांतर. १००० भागिले २० म्हणजे ५० ओहम. मोजले, ४९.८. दहा वॅट सहज पेलतो. हवेत एक अक्षर न टाकता सगळं जोखायचं हेच साधन. वायरवाउंड रेझिस्टन्स यात चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात.

आयआरएफ५१० चा धातूचा कान ड्रेनला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर पूर्ण बारा व्होल्ट. मधे मायका हवाच. तो घातला, स्क्रूच्या बाजूने प्लॅस्टिकचा बुशही. कान आणि हीटसिंक यांमध्ये मीटरने तपासलं, उघडं. मग बायसचा (ट्रान्झिस्टरचा मूळ करंट ठरवणारा) पॉट पूर्ण डावीकडे नेला, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं, माइक काढलेला. हळूहळू उजवीकडे. आधी काही नाही, काही नाही, आणि मग एका जागी करंट वर चढायला लागला. पूर्वीपेक्षा १०० मिलिअँपिअर जास्त झाल्यावर थांबलो. पॉटवर दोन-तीन अंशांचा फरक, आणि पुढे गेलो असतो तर ट्रान्झिस्टर गेला असता. हीटसिंक कोमट. छान.

माइक लावला. "आऽऽऽ." डमी लोडवर डायोड लावून मोजलं: ६ व्होल्ट. पीक व्होल्टेजचा वर्ग भागिले १००, म्हणजे ०.३६ वॅट, डायोडचे ०.६ धरूनही अर्ध्या वॅटच्या आत. सहा वॅटच्या किटातून अर्धा.

१८ आणि १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी जोडून आली. दोन दिवस याच एका गोष्टीत गेले.

शनिवारी रात्रीच कागदावर साखळी काढली: माइक, मॉड्युलेटर, फिल्टर, मिक्सर, बँडपास, प्रीड्रायव्हर, ड्रायव्हर, फायनल. आरएफ (रेडिओ लहरींची वीज) मोजायचा प्रोब म्हणजे एक १एन४१४८ डायोड, एक कपॅसिटर आणि एक मोठा रेझिस्टन्स, बॉलपेनच्या नळीत बसवलेला. प्रीड्रायव्हरपाशी ०.२ व्होल्ट, ठीक. ड्रायव्हरच्या बेसवर ०.२५, ठीक. फायनलच्या गेटवर जवळजवळ काहीच नाही.

म्हणजे ड्रायव्हर मेला, मी ठरवून टाकलं. बदलला. तसंच. मग वाटलं फायनलचा गेटच शॉर्ट असेल. मायका, बुश, सगळं उतरवून नवा आयआरएफ५१० लावला, परत बायस केला. तसंच. आता बोर्डाला भोकांभोवती सोल्डरचे ओघळ दिसत होते आणि एका पॅडने वर उचलायला सुरुवात केली होती. पॅड उचललं की मग हॅमचं आयुष्य तारांच्या जोडावर चालतं. तिथे थांबलो. जेवलो. चहा घेतला. परत तेच सगळं बघितलं, तसंच.

रविवारी सकाळी काकांना फोन. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "ड्रायव्हरच्या कलेक्टरला जो ट्रान्सफॉर्मर आहे, तो तू मोजलास का?"

"बीप घेतली होती काका."

"बीप म्हणजे तार सलग आहे. ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे बीप नाही सांगत."

संध्याकाळी ते स्वतः आले, खिशात एलसी मीटर. मी बोर्डावरचा तो काळा टोरॉइड काढला. एका तारेच्या दोन टोकांत मोजलं: ३४ मायक्रोहेन्री. दुसरीचं तेवढंच. दोन्ही मिळून, मध्यबिंदू जोडलेला ठेवून, टोकापासून टोकापर्यंत: ०.३.

"किती यायला हवं होतं?"

दोन्ही अर्ध्या गुंडाळ्या एकाच दिशेने काम करत असतील तर वेढे दुप्पट, इंडक्टन्स चौपट, म्हणजे १३६ च्या आसपास. माझं आलं ०.३. एकमेकांना खाऊन टाकत होत्या. एका बैलाला पूर्वेला जुंपायचं, दुसऱ्याला पश्चिमेला आणि गाडी का हलत नाही म्हणून चाकं बदलत बसायचं, तसं मी केलं. एका तारेचं शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं होतं. मी सुरुवात सुरुवातीलाच जोडली होती. दोन्ही तारा एकाच रिळातल्या, एकाच रंगाच्या, पिळलेल्या. रात्री दीडला कोणतं टोक कोणाचं हे बीपने ओळखून "हे दोन जोडीचे" एवढंच लिहिलं होतं. कोणतं सुरुवातीचं आणि कोणतं शेवटचं ते नाही.

सोमवारी सकाळी वाइंडिंगवाल्याकडे परत. या वेळी म्हटलं, जुन्या पंख्याची उलगडलेली तार आहे का. त्याने काळपट झालेली दिली. एक चकचकीत तांबूस, एक काळपट. आता कोण कोणाचा शेवट ते रंगावरूनच दिसतं. गुंडाळलं, बोर्डावर न लावता आधी मोजलं: १३८. लावलं. "आऽऽऽ." डमी लोडवर २५.४ व्होल्ट, डायोडचे मिळवून २६. २६ चा वर्ग भागिले १०० म्हणजे ६.७६ वॅट. करंट १.१ अँपिअर, बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे जवळपास अर्धी वीज बाहेर आणि अर्धी हीटसिंकला.

बाकीचे दोन ट्रान्सफॉर्मरही काढून मोजले. ते बरोबर निघाले. कसे, ते माहीत नाही. पन्नास टक्के नशीब असणार.

२५ फेब्रुवारी

कॅरियर शांत करायचा. माइक बंद, पीटीटी दाबलेलं, काकांकडचा संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर रिसीव्हर ऐकतोय. स्क्रीनवर एक उभी रेघ. बॅलन्सचा पॉट थोडा फिरवला, रेघ खाली. मग ट्रिमर, आणखी खाली. परत पॉट. दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत, एक हलवला की दुसरा परत बघावा लागतो. पाच-सहा फेऱ्यांनी रेघ तळाच्या खसखशीच्या गवतात मिसळली. १४ मेगाहर्ट्झवर दुसरा हार्मोनिक बघितला. काकांच्या मते चालेल.

३ मार्च, रविवार

अँटेना. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी तीन आठवड्यांपूर्वीच घेतली होती, त्यांना वाटलं डिश बसवतोय. तारेची लांबी १४३ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे २०.१४ मीटर, प्रत्येक बाजूला दहा. कापायला तार उरली पाहिजे म्हणून प्रत्येक बाजू १०.३० ठेवली. मधला बांबू गच्चीच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला, दोन्ही टोकं खाली, उलटा व्ही. अँटेना तपासायच्या नॅनोव्हीएनए यंत्राने मोजलं: खड्डा, म्हणजे अँटेना जिथे जुळते ती जागा, ६.९२ वर. १०.३० गुणिले ६.९२ भागिले ७.१ म्हणजे १०.०४. दोन्ही बाजूंनी २६ सेंटीमीटर. एकदम नाही कापलं, आधी दुमडून बांधलं. खड्डा ७.०९ वर, एसडब्ल्यूआर १.३ (१ म्हणजे अगदी जुळलेली). आता कापायचं कशाला, दुमडलेलंच राहू दे.

रात्री ऐकलं. खिडकीतल्या तारेशी याची तुलनाच नाही.

८ मार्च

महाशिवरात्र. पीटीटी दाबून "हॅलो" म्हटलं की रेडिओ स्वतःच किंचाळतो, डमी लोडवर मात्र नाही. म्हणजे अँटेनाचं आरएफ माइकच्या वायरीवरून आत येतंय. माइकच्या जॅकपाशी १ नॅनोफॅरड, वायरीला फेराइटचा मणी, कोअॅक्स केबलला अँटेनाच्या पायथ्याशी आठ वेढ्यांचं वेटोळं. पहिल्या दोघांनी किंचाळी निम्मी झाली, तिसऱ्याने गेली.

१० मार्च, रविवार

सकाळी सव्वासात. या वेळी चाळीस मीटरवर पाचशे-सातशे किलोमीटरपर्यंतची स्टेशनं जोरात येतात. दुपारी उन्हात मेलेला असतो हा बँड. ७.०८० च्या जवळ बंगळूरचं एक स्टेशन सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) देत होतं. माझं कॉलसाइन दिलं. दोनदा. तिसऱ्यांदा पलीकडून माझंच कॉलसाइन आलं, शेवटचं अक्षर चुकवून. दुरुस्त केलं. "फाइव्ह बाय सेव्हन, नाइस ऑडिओ, लिटल थिन." शब्द स्पष्ट, जोर नऊपैकी सात, पण बारीक आवाज. म्हणजे बीएफओ अजून शंभरभर हर्ट्झ लांब आहे. सगळी मिळून चार मिनिटं. रिग काय आहे विचारलं तेव्हा "होमब्रू, बिटएक्स टाइप, सिक्स वॅट्स" म्हणालो आणि पीटीटी सोडायला विसरलो. ते काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. परत विचारावं लागलं.

लॉगबुकात पहिली ओळ: तारीख, ०१५२ यूटीसी, ७.०८०, एलएसबी, ५७.

दहा मिनिटांनी काकांचा फोन. ते ऐकत बसले होते, मला न सांगता.

"ऐकलं. माइक जरा लांब धर. आणि मागचा पंखा बंद कर, तोही प्रसारित होतोय."